बैलगाडीची धाव आणि लेथचा चक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या लाखनीत तान्हा पोळा भरतो. विदर्भाबाहेरच्या वाचकांना तो ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. श्रावण अमावास्येला मोठ्या बैलांचा पोळा होतो. दुसऱ्या दिवशी मान असतो लहान मुलांच्या लाकडी बैलांना. बैल रंगवलेला असतो, गळ्यात घुंगरू असतात आणि खाली चार चाके असतात. दोरी धरून बैल ओढत मुले रांगेत उभी राहतात. कुणाचा बैल वीतभर, तर कुणाचा चांगला गुडघ्याएवढा.

सगळे बैलाकडे पाहतात, पण माझे लक्ष त्याच्या चाकांकडे जाते. चाके गोल, गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंनी सारखी असली पाहिजेत, नाहीतर बैल लंगडतो. अशी चाके लाकडाच्या लेथवर कातून काढतात. हे काम करणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात. आमच्याकडे खरादी हा शब्दही चालतो. लेथमध्ये लाकूड गरगर फिरते आणि कारागीर स्थिर धरलेल्या पटाशीने ते कातत जातो. कुंभाराच्या चाकासारखाच हा प्रकार, फक्त चाक उभे आणि मातीऐवजी लाकूड!

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेसाठी लाकडी कप्प्या करून घ्यायला मी आमच्या गावातल्या एका कातारीकाकांकडे गेलो होतो. पोळा जवळ आला होता. बाहेर पाऊस लागला होता आणि काका चाकांच्या मागे होते. मी दारात उभा असतानाच ‘ठण्ण’ असा आवाज झाला. लेथवरचे एक चाक निसटून पत्र्यावर आदळले होते. नववीत शिकणारा त्यांचा मुलगा तिथेच उभा होता. चाक त्याच्या कानाजवळून वीतभर अंतरावरून गेले. काकांनी मोटर बंद केली, मुलाला बाहेर पाठवले आणि मला म्हणाले, “सर, कातायले काही नाही लागत. पकडायलेच सगळं लागते.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. आजचा लेख त्या पकडीविषयीच आहे.

दुसरी बाजू कशी कातायची?

चाकाची पहिली बाजू कातणे सोपे असते. लाकडाचा लांब दांडा लेथवर चढवायचा, त्याचा बाहेरचा भाग गोल करायचा, पुढचे तोंड साफ करायचे, मधोमध भोक पाडायचे आणि मग तेवढी चकती कापून घ्यायची. पण कापलेली बाजू खडबडीत राहते. ती साफ करायची तर चकती उलटी करून लेथवर पुन्हा धरायला हवी. आता धरायला दांडा उरलेला नाही. हातात आहे ५० मि.मी. व्यासाची आणि १५ मि.मी. जाडीची एक लहानशी चकती!

लेथवर वस्तू धरणाऱ्या साधनाला ‘चक’ म्हणतात. तुम्ही ड्रिलच्या यंत्राचा चक पाहिला असेल. त्याचे तीन पोलादी जबडे ड्रिलची काडी घट्ट पकडतात. पण असे जबडे लाकडी चकतीवर आवळले, तर तिच्यावर तीन खड्डे पडतील.

कातारीकाकांची रीत जुनी आणि साधी होती. एका लाकडी ठोकळ्यात चकतीच्या मापाचा पेला कोरायचा आणि चकती त्यात ठोकून बसवायची. जगभरचे कातारी हे करत आले आहेत. उन्हाळ्यात ही रीत उत्तम चालते. पावसाळ्यात मात्र घोटाळा होतो, कारण लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगते. शिवाय ते सगळीकडे सारखे फुगत नाही. वार्षिक वलयांच्या दिशेने ते जास्त फुगते आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने कमी, साधारण निम्मेच. म्हणजे वैशाखात गोल असलेली चकती श्रावणात किंचित लंबगोल होते. ५० मि.मी. व्यासाच्या चकतीत हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. एवढा फरक आपल्याला क्षुल्लक वाटेल, पण ठोकून बसवायच्या पेल्याला तो पुरेसा आहे. एक चकती बसतच नाही, दुसरी बसते पण फक्त दोन बाजूंनी टेकते. पटाशी जरा अडकली की ती सुटून उडते!

मिनिटाला २००० फेरे घेणाऱ्या अशा चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर, म्हणजे ताशी १९ किलोमीटर होतो. चकतीचे वजन फार तर २० ग्रॅम. पण डोळ्याला इजा व्हायला तेवढे पुरे आहे.

किती बळाने धरावे?

मी पिशवीतून कागद काढला आणि काकांच्या बाकावरच हिशेब मांडला. तुम्हीही तो माझ्याबरोबर करा.

हलक्या हाताने कातताना पटाशी चकतीच्या कडेवर साधारण ३० न्यूटन बल लावते असे धरू. (१ किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन सुमारे १० न्यूटन असते, हे लक्षात आहे ना?) हे बल चकतीला चकात घसरवू पाहते. तिला अडवते ते घर्षण. लाकडावर लाकडाचा घर्षणांक ०.३ मानला, तर ३० न्यूटन घर्षण मिळवण्यासाठी चकतीवर सर्व बाजूंनी मिळून १०० न्यूटन दाब हवा. पण पटाशी कधी ना कधी अडकतेच आणि त्या क्षणी बल अनेक पटींनी वाढते. म्हणून पाचपट दाब धरू, म्हणजे ५०० न्यूटन. दोन पायल्या नव्हे, चांगले ५० किलोचे पोते चकतीवर ठेवावे, एवढा हा दाब झाला!

आता हा दाब कुठे पडतो ते पाहा. तीन जबड्यांचे मिळून फक्त १५ चौरस मि.मी. क्षेत्र टेकत असेल, तर प्रत्येक चौरस मिलिमीटरवर ३३ न्यूटन येतात. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने दाबले तर याच्या बऱ्याच कमी दाबाला दबते. उलट, तोच ५०० न्यूटन दाब चकतीच्या सबंध परिघावर १० मि.मी. रुंदीच्या पट्ट्यात पसरला तर? परीघ १५७ मि.मी., म्हणून क्षेत्र १५७० चौरस मि.मी. आणि दर चौरस मिलिमीटरवर जेमतेम ०.३ न्यूटन. डाग पडायचे नाव नाही!

म्हणजे आपल्याला काय हवे ते ठरले. दाब पुष्कळ हवा, पण तो चहूकडून सारखा हवा. शिवाय चकती अर्धा मिलिमीटर लहान-मोठी असली तरी चालले पाहिजे. असे साधन कुठे पाहिले आहे बरे?

धावेने शिकवलेला धडा

ते मी लहानपणी पाहिले होते, तेही लोहाराच्या भट्टीपाशी. आता बैलगाड्यांना बहुधा रबरी टायर दिसतात, पण पूर्वी लाकडी चाकावर लोखंडी पट्टा चढवीत. त्याला धाव म्हणतात. धाव चाकापेक्षा जरा लहानच केलेली असते. ती गोवऱ्यांच्या जाळात तापवून लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि भराभर पाणी ओतायचे. वाफेचे लोट उठत आणि चाकाचे सांधे करकरत घट्ट होत.

या मागचा हिशेब सोपा आहे. सव्वा मीटर व्यासाच्या चाकाचा परीघ ३.९ मीटर. लोखंड दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दशलक्षातील सुमारे १२ भाग इतके वाढते. तापमान ४०० अंशांनी वाढले की धाव जवळजवळ १९ मि.मी. लांब होते आणि चाकावर सहज बसते. थंड होताना ती आखडते, पण आत लाकूड असल्यामुळे तिला पुरते आखडता येत नाही. मग ती ताणलेलीच राहते आणि चाकाला चहूकडून दाबून धरते.

ताणलेले कडे किती दाब देते? डोळ्यांपुढे कडे मधोमध कापून त्याचा अर्धा भाग आणा. त्याच्या दोन टोकांना प्रत्येकी एक ताण ओढतो, म्हणजे एकूण दुप्पट ताण. याला तोलून धरतो तो आतल्या वस्तूचा दाब. परिघाच्या दर मिलिमीटरवरचा दाब गुणिले व्यास बरोबर दुप्पट ताण, असे समीकरण होते. आता संपूर्ण परिघावरचा दाब काढा. व्यास दोन्हीकडून उडून जातो आणि उत्तर उरते:

एकूण दाब = २ × ३.१४ × ताण

म्हणजे ताणाच्या सव्वासहा पट! आपल्याला ५०० न्यूटन दाब हवा आहे, तर कड्यात फक्त ८० न्यूटन ताण पुरेल. आठ किलोचे वजन टांगावे तेवढाच. आणखी एक गंमत म्हणजे, कडे लहान असो वा मोठे, ताण तोच असेल तर एकूण दाबही तोच.

कातारीकाका ऐकत होते. हिशेबाकडे त्यांचे लक्ष होते की नाही, सांगता येत नाही, पण ‘धाव’ हा शब्द ऐकताच ते उठले. “म्हणजे पेल्याले चिरा द्यायच्या अन् वरून धाव चढवायची, असंच ना?”

अगदी असेच! एकोणिसाव्या शतकातले युरोपातले कातारीही चिरा दिलेला लाकडी चक आणि त्यावर कडे, असे साधन वापरत. तुमच्या दप्तरातली क्लच पेन्सिलही तेच करते. तिच्या टोकाशी चिरलेला पितळी जबडा असतो आणि त्यावरचे कडे मागेपुढे झाले की तो शिसे आवळतो किंवा सोडतो.

चक असा तयार झाला

लाकडाची निवड काकांनी केली. त्यांनी वाळलेला हळदू घेतला. हळदूचे तंतू बारीक आणि एकसारखे असतात, म्हणून कातकामात त्याला मान आहे. तंतूंची दिशा मात्र लेथच्या अक्षाला समांतर ठेवायची. कारण चिरा दिल्यावर ठोकळ्याच्या पाकळ्या होणार आणि त्या थोड्या वाकणार. बांबूची कामटी लांबीच्या दिशेने वाकते, पण आडवा काढलेला तुकडा काडकन तुटतो. तेच इथेही.

सुमारे १०० मि.मी. लांबीचा ठोकळा लोखंडी तबकडीला लांब स्क्रूंनी जोडून लेथवर चढवला. बाहेरून तो ८० मि.मी. व्यासाचा गोल केला. तोंडाशी ५० मि.मी. व्यासाची, १० मि.मी. खोल पायरी कोरली. चकती या पायरीवर टेकली की तिरकी होत नाही. पायरीच्या आत ४४ मि.मी. व्यासाची पोकळी आणखी खोल नेली.

मग तोंडापासून ५० मि.मी. अंतरावर आडवी, आरपार चार भोके पाडली आणि तोंडाकडून करवतीने त्या भोकांपर्यंत चार काप घेतले. प्रत्येक काप दोन्ही भिंतींतून जातो, म्हणून चार कापांत आठ चिरा आणि आठ पाकळ्या मिळाल्या.

भोके कशासाठी? चीर जिथे संपते त्या टोकाशी ताण एकवटतो आणि लाकूड तिथूनच पुढे फाटत जाते. टोकाशी गोल भोक असले की ताण वळणावर पसरतो आणि फाटणे थांबते.

चक किती आवळता येईल? करवतीची चीर दीड मि.मी. रुंद. आठ चिरा मिळून १२ मि.मी. झाल्या. सगळ्या मिटल्या तर परीघ १२ मि.मी.ने आणि व्यास सुमारे ३.८ मि.मी.ने कमी होईल. इतके आवळायचे नसतेच, कारण मग पाकळ्या फक्त कडांनी टेकतात. पण एक मिलिमीटर सहज मिळतो आणि आपल्याला हवा होता अर्धाच!

पाकळ्या सुरुवातीला फार ताठ निघाल्या. तेव्हा भोकांपाशी बाहेरून खाच घेऊन भिंतीची जाडी १८ मि.मी.वरून ९ केली. एका टोकाला धरलेल्या पट्टीची ताठरता तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलते. जाडी निम्मी केली की तो भाग आठपट लवचिक होतो. याहून पातळ केले असते तर चकच डुलू लागला असता.

पहिली चूक आणि तिची दुरुस्ती

कडे म्हणून आम्ही पहिल्यांदा पंपाच्या पाइपाला आवळायची स्क्रूची क्लिप वापरली. ती बाजारात मिळते, स्वस्त असते आणि आवळायला सोपी. चकती झकास पकडली गेली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि मोटर सुरू झाली.

लेथ थरथरू लागला. क्लिपचा स्क्रू एकाच बाजूला असतो, हे मी विसरलो होतो. १५ ग्रॅमचा तो स्क्रू अक्षापासून साडेचार सें.मी. अंतरावर मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरला, की लेथला सुमारे ७ न्यूटनचा झटका देतो आणि त्याची दिशा सेकंदाला सोळा-सतरा वेळा फिरते. त्याहून वाईट म्हणजे, फिरताना तो बाहेर आलेला स्क्रू दिसत नाही. काकांच्या बोटाच्या पेरावर त्याचा फटका बसला. पेर आठ दिवस सुजले होते. हिशेब माझा होता आणि मार त्यांना बसला. आपण गणितात कडे धरले होते, क्लिप नव्हे. त्या दोघांतला फरक मला मोटर सुरू करण्यापूर्वी दिसायला हवा होता.

दुरुस्ती काकांनीच सुचवली. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारतात ना, तसेच. त्यांनी चकाचा बाहेरचा भाग किंचित निमुळता केला, म्हणजे तोंडाशी कमी व्यासाचा आणि मागे जाताना वाढत जाणारा. उतार अक्षाशी फक्त ३ अंशांचा. मग तीन इंची लोखंडी पाइपाचा बोटभर रुंद तुकडा कापून त्याचे कडे केले. ते तोंडाकडून चढवायचे आणि लाकडी हातोडीने मागे ठोकायचे. कडे १० मि.मी. मागे गेले की पाकळ्या मिळून व्यास सुमारे १ मि.मी. कमी होतो.

कडे आपोआप सुटणार नाही का? नाही! घर्षणांक ०.३ असेल, तर वस्तू उतारावरून घसरायला सुमारे १७ अंशांचा कोन लागतो. आपला उतार आहे ३ अंशांचा. म्हणून कडे जिथे ठोकले तिथेच बसते आणि काढायला मागून उलट ठोकावे लागते. बाहेर आलेला स्क्रू नाही आणि वजनही सगळीकडे सारखे. चकतीच्या कडेला थोडा खडू चोळला की पकड आणखी सुधारते. खडूचा तुकडा माझ्या खिशात असतोच!

वेगाला विसरू नका

एक शत्रू अजून उरला आहे, तो म्हणजे वेग. चक फिरतो तेव्हा पाकळ्या बाहेर फेकल्या जाऊ पाहतात आणि पकड तेवढी ढिली होते. आठ पाकळ्यांचे वजन मिळून १०० ग्रॅम आणि अक्षापासून सरासरी अंतर ३.३ सें.मी. धरा. मिनिटाला १००० फेरे असताना हे बाहेरचे बल ३६ न्यूटन होते, २००० फेऱ्यांना १४५ आणि ३००० फेऱ्यांना ३२५. वेग तिप्पट, तर बल नऊपट! आपल्या ५०० न्यूटनांतले ३२५ गेले तर उरले किती? म्हणून लाकडी चक हजाराच्या आसपासच फिरवावा. काकांनी पट्टा मोठ्या कप्पीवर टाकला आणि कामाला लागले. डोळ्यांवर चश्मा चढवायचा, बाही गुंडाळायची, आधी हाताने दोन फेरे फिरवून पाहायचे आणि मोटर सुरू करताना चकाच्या रेषेत कुणी उभे राहायचे नाही, असे नियमही त्यांच्या दुकानात आता आहेत.

करून पाहा

लेथ हे मोठ्यांचे काम आहे. तुम्ही त्यावर हात चालवू नका. पण त्यामागचे विज्ञान घरी तपासता येते.

१. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. दोन्हींच्या कडेला मधोमध सारख्या लांबीची चीर द्या. एका चिरेच्या टोकाशी पंचने गोल भोक पाडा. आता दोन्ही पट्ट्या टोकांना धरून ओढा. कोणती आधी फाटते?

२. लाकडी फळीवर लाकडी ठोकळा ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागला की थांबा. फळीच्या टोकाची उंची भागिले त्या टोकाचे जमिनीवरचे आडवे अंतर, हा झाला तुमच्या लाकडाचा घर्षणांक. मग ठोकळ्याला खडू चोळून पुन्हा मोजा.

३. काचेच्या बाटलीभोवती आठ पेन्सिली उभ्या लावा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी भोवती आवळून बांधा. पेन्सिली धरून बाटली फिरवून पाहा. मग तीनच पेन्सिली ठेवून पाहा. पट्टीचा ताण तेवढाच ठेवायचा, बरे का!

आणि एक प्रश्न तुमच्यासाठी. बाटलीऐवजी चौकोनी डबा घेतला आणि त्याच्याभोवती नुसती पट्टी बांधली, तर दाब कुठे कुठे पडेल? आधी कागदावर उत्तर लिहा, मगच डबा शोधायला जा.

गेल्या तान्ह्या पोळ्याला कातारीकाकांचा मुलगा दुकानात होता. आता तोच कडे ठोकून चकती बसवतो आणि वडील कातत असताना बाजूला उभा राहतो. त्याने मला एक चाक दाखवले. दोन्ही बाजू सारख्या होत्या आणि कडेवर ओरखडाही नव्हता. मी विचारले, “कोणती बाजू आधी कातली?” त्याने चाक दोन-तीनदा उलटसुलट करून पाहिले आणि हसून म्हणाला, “आता मलेच नाही सांगता येत, सर!”